पेढीचें वृत्त आणि चिंचणीचा ठसा

जव्हेरी पेढ्यांचीं वृत्तें छापण्याची चाल अलीकडे बरीच वाढली आहे. पेढीस शंभर किंवा दीडशें वर्षें झालीं, नवी शाखा निघाली, अथवा घरच्या पेढीची कंपनी झाली, कीं एक सुबक पुस्तिका निघते. तींत मूळ पुरुषाचें चित्र असतें, वंशवृक्ष असतो, पहिल्या दुकानाची हकीकत असते आणि शेवटीं मूळ पुरुषाच्या सचोटीस वंदन असतें. असलीं कांहीं वृत्तें संग्राहक मित्रांच्या कृपेनें आमच्या वाचनांत आलीं. तीं वाचून जें मनांत आलें तें इतिहासाभ्यासकांपुढें ठेवावें, एवढ्याच हेतूनें हें टिपण लिहिलें आहे.

या वृत्तांची रचना जुन्या बखरींच्या धाटणीची असते. बखरकार राज्याचा उदय मूळ पुरुषाच्या पुण्याईनें आणि अस्त वंशजाच्या दुर्गुणानें समजावितो. पेढीचा वृत्तकारही तेंच करितो. थोरल्यानें कष्टानें मिळविलें, मधल्यानें वाढविलें, धाकट्यांनीं वांटून घेतलें अथवा घालविलें, एवढ्यांत सारी कारणपरंपरा आटोपते. दागिना ज्याच्या हातून घडला त्याचें नांव उत्कर्षाच्या प्रकरणांत नसतें व अपकर्षाच्याही प्रकरणांत नसतें. आमचा मुख्य आक्षेप येथें आहे. पेढीचा उदयास्त समजून घ्यावयाचा तर तिच्या वहीइतक्याच आदरानें कारागिराचा ठसाही वाचला पाहिजे. आणि तें साधन आज भंगाराच्या तराजूंत चढत आहे.

आमचें राहणें बोईसर येथें असल्यामुळें हा प्रश्न आम्हांस पुस्तकांतून सुचलेला नाहीं. पश्चिम रेल्वेच्या या स्थानकावर उतरून समुद्राकडे गेलें असतां तारापूर व चिंचणी हीं गांवें लागतात. बाहेरच्या जगास तारापूर ठाऊक आहे तें १९६९ सालीं सुरू झालेल्या अणुविद्युत्‌केंद्रामुळें आणि औद्योगिक वसाहतीमुळें. इतिहासाच्या अभ्यासकांस तें दुसऱ्या कारणानें ठाऊक आहे. १७३९ च्या जानेवारींत चिमाजीअप्पांच्या फौजेनें तारापूरचा पोर्तुगीज किल्ला घेतला व त्या हल्ल्यांत बाजी भिवराव पडले. शेजारच्या चिंचणीस सांपडलेले ताम्रपट दिनेशचंद्र सरकार यांनीं प्रसिद्ध केले. त्यांपैकीं शक ८४८, म्हणजे इ. स. ९२६ च्या, राष्ट्रकूट तिसऱ्या इंद्राच्या काळच्या पटांत संजाणच्या प्रदेशावर मधुमति नांवाचा ताजिक, म्हणजे अरब, अधिकारी नेमलेला दिसतो. या एका पटानें किनाऱ्याच्या इतिहासांत केवढी भर पडली हें वाचकांस सांगावयास नको. परंतु याच चिंचणीस धातूवरील आणखी एक लेखन आहे, आणि त्याकडे आम्ही संशोधकांनीं फारसें लक्ष दिलेलें नाहीं.

चिंचणी, वरोर, वाणगांव, डहाणू या पट्ट्यांत सोन्याच्या दागिन्यांचे ठसे कोरण्याचा धंदा पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. ठशास तेथें 'डाय' म्हणतात व कोरणारास 'डायमेकर'. मुंबईच्या झवेरी बाजारांत आणि इतर शहरांच्या पेठांत येथल्या डाय जातात. काम बहुधा राहत्या घरींच चालतें व विद्या घरांतल्या घरांत बापाकडून मुलाकडे जाते.

या कामाचें स्वरूप थोडक्यांत सांगणें अवश्य आहे. पोलादाचा लहानसा ठोकळा घेऊन त्याचें तोंड घासून सपाट करितात, त्यावर नक्षी उतरवितात आणि बारीक छिन्नीनें ती खोल कोरतात. दागिन्यावर जें उंच दिसावयाचें तें येथें खोल असतें. जें उजवीकडे तें डावीकडे असतें. म्हणजे कोरणारास सर्व कांहीं उलटें पाहावें लागतें, जसें शिक्क्याची अक्षरें कोरणारास पाहावें लागतें. कोरलेला ठोकळा तापवून विझविला म्हणजे तो कठीण होतो. पुढें सोन्याचा पातळ पत्रा त्या ठशावर ठेवून दाबला, कीं मण्याचें अर्धें, मंगळसूत्राच्या वाटीची पाठ, फूल, पान अथवा कोयरी उठून येते. अशीं अर्धीं झाळून एकत्र केलीं म्हणजे आंतून पोकळ परंतु दिसण्यांत भरीव असा दागिना तयार होतो.

यांत जें अर्थशास्त्र आहे तें ध्यानांत घेतल्यावांचून पेढ्यांचा उत्कर्ष समजावयाचा नाहीं. ठशामुळें थोड्या सोन्यांत मोठा दागिना बसतो. एकदां कोरलेल्या नक्षीचे शेंकडों नग निघतात व प्रत्येक नग दुसऱ्यासारखाच असतो. जो दागिना पूर्वीं श्रीमंतांच्या घरीं सोनार बसवून घडवून घ्यावा लागे, तो कारकुनाच्या व शिक्षकाच्या घरीं लग्नांत तयार विकत घेतां येऊं लागला. गिऱ्हाईक ज्यास अमुक दुकानाचा घाट म्हणून ओळखतें तो घाट वास्तविक ठशांत राहतो. ठसा दुसऱ्याच्या हातीं गेला, कीं घाटही त्याच्यामागून जातो.

आतां वृत्तांकडे वळूं. गाडगीळ घराण्याची पेढी १८३२ सालीं सांगलीस निघाली. दाजीकाका गाडगीळांनीं १९५८ सालीं पुण्यास दुकान मांडलें. पुढें घराण्याच्या शाखा निरनिराळ्या झाल्या आणि २०२४ च्या सप्टेंबरांत त्यांपैकीं एका शाखेच्या कंपनीचे भाग बाजारांत आले. मुंबईची त्रिभुवनदास भीमजी झवेरी ही पेढी १८६४ ची. तिच्या कंपनीचे भाग २०१२ सालीं विक्रीस निघाले. या पेढ्या नांदत्या आहेत व त्यांच्या कीर्तीस उणें आणण्याचा आमचा मुळींच हेतु नाहीं. प्रश्न एवढाच कीं, असल्या सनावळीनें काय सिद्ध होतें? दुकान केव्हां उघडलें हें समजतें. तें कां चाललें हें समजत नाहीं. १८३२ सालीं कोणता घाट विकला जात होता, १९५८ सालीं कोणता, हातानें घडविलेल्या दागिन्याची जागा ठशाच्या दागिन्यानें केव्हां व कोणत्या प्रमाणांत घेतली, ठसे कोणत्या गांवाहून येत, त्यांचा मोबदला कसा ठरे, हें सांगितल्याखेरीज उत्कर्षाचें कारण सांगितलें असें म्हणतां येत नाहीं. सचोटी हा मोठा गुण खरा. परंतु सचोटीचे अनेक दुकानदार नामशेष झाले आहेत, यावरून केवळ सचोटीनें पेढी वाढत नाहीं हें उघड आहे.

अपकर्षाची मीमांसा तर याहूनही दुबळी असते. याचें उत्तम उदाहरण तारापूरनेंच पुरविलें आहे. विकाजी मेहेरजी व पेस्तनजी मेहेरजी हे पारशी बंधू तारापूरचे. त्यांचें घराणें जव्हेऱ्यांचें नव्हे, मक्तेदारांचें व सावकारांचें. पण घराण्याच्या पेढीचा उदयास्त पाहण्यास तें फार उपयोगी आहे. कंपनी सरकारच्या जकातीच्या मक्त्यांवर त्यांचा जम बसला, मग व्यवहार हैदराबादेपर्यंत पोंचला. १८२५-२६ सालीं वऱ्हाडांतील कापूस प्रथम मुंबईस पाठविला तो याच पेढीनें. औरंगाबादची टांकसाळ त्यांच्याकडे होती व तेथील रुपया 'पेस्तनशाही' म्हणून चालला; नाण्यांचे संग्राहक त्यास चांगले ओळखतात. निजाम सरकारास त्यांनीं मोठ्या रकमा कर्जाऊ दिल्या आणि तारण म्हणून मुलखाचा वसूल लावून घेतला. १८४३ सालीं दिवाण चंदुलाल पायउतार झाले, त्यानंतर तारणाचा मुलूख काढून घेण्यांत आला, कर्ज मात्र फिटलें नाहीं, आणि एवढी मोठी पेढी बसली. येथें नातवाचा उधळेपणा कोठें आहे? ऋणको स्वतः राज्यकर्ता होता व त्याच्यावर धनकोचें कांहीं चालेना, हें या अस्ताचें कारण. आणखी एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. रुपयास सावकाराचें नांव चिकटलें तें आजतागायत टिकलें. ज्यानें त्या रुपयाचा ठसा कोरला तो मात्र त्या कथेंत कोठेंच नाहीं.

जव्हेरी धंद्यास असाच एक तडाखा आमच्या बाळपणाच्या सुमारास बसला. १९६३ च्या जानेवारींत सुवर्णनियंत्रणाचे नियम जारी झाले आणि १४ कॅरटांहून अधिक शुद्धतेचा नवा दागिना घडविण्यास बंदी झाली. देशभर सोनारांचे हात रिकामे झाले. १९६६ सालीं ही अट शिथिल झाली, १९६८ सालीं नियंत्रणाचा स्वतंत्र कायदा आला, आणि १९९० सालीं तो रद्द झाला. म्हणजे जवळजवळ २७ वर्षें हा धंदा परवान्यांच्या व बंधनांच्या छायेंत होता. या काळांत ज्या पेढीचें तेज कमी झालें तिचा दोष एकट्या वारसाच्या माथीं मारणें अन्यायाचें आहे. तसेंच ज्या पेढ्या तगल्या त्या सर्व केवळ कर्तबगारीवर तगल्या असेंही म्हणवत नाहीं. ज्याच्यापाशीं भांडवल होतें त्यास थांबतां आलें. जो आपल्या हाताचें काम रोजच्या रोज विकून चूल पेटवीत होता त्यास थांबतां आलें नाहीं. मालकाची अडचण वृत्तांत सविस्तर येते. कारागिराच्या उपासाची नोंद त्यांत आम्हांस आढळली नाहीं.

आजचा अपकर्ष निराळ्या वाटेनें येत आहे. संगणकाच्या आज्ञेनें चालणारीं यंत्रें पोलादावर नक्षी कोरूं लागलीं आहेत. मेणाच्या नमुन्यावरून साचा करून सोनें ओतण्याच्या रीतीस ठशाची गरजच लागत नाहीं. नक्षीची आवड झपाट्यानें पालटते, त्यामुळें महिनाभर खपून कोरलेली डाय पूर्वींसारखी वर्षानुवर्षें चालत नाहीं. हें सर्व यथाकाल दुकानापर्यंत पोंचतेंच. परंतु त्याची पहिली वार्ता दुकानाच्या फळीवर येत नाहीं, ती कोरणाराच्या ओसरीवर येते. नव्या डायची मागणी थांबते, मुलगा कारखान्यांत नोकरी धरतो, आणि ठोकळ्यांची पेटी माळ्यावर जाते. पेढीच्या दर्शनी भागाचे दिवे लखलखत असतांना तिच्या मागचें अंग असें सुकत असतें. इतिहासकारास कालक्रम लावावयाचा असेल तर त्यानें या ओसरीपासून आरंभ करावा.

परदेशांतील एका प्रख्यात पेढीशीं ताडून पाहिलें असतां आमचा मुद्दा अधिक स्पष्ट होईल. फाबर्जे घराण्याचें दुकान १८४२ सालीं रशियाच्या पीटर्सबर्ग शहरांत निघालें. १८७२ सालीं कार्ल फाबर्जे यानें सूत्रें हातीं घेतलीं, झारच्या घराण्याकरितां ईस्टरचीं रत्नजडित अंडीं घडविलीं, व पेढीचें नांव जगांत झालें. १९१८ सालीं क्रांतिकारक सरकारनें पेढी ताब्यांत घेतली. कार्ल परागंदा होऊन १९२० सालीं स्वित्झर्लंडांत वारला. एका घराण्याच्या जव्हेरी पेढीचा याहून पूर्ण उदयास्त सांपडणें कठीण. तथापि त्या पेढीच्या वस्तु घडविणारा मिखाईल पेर्खिन हा शेतकऱ्याचा मुलगा कोण होता, १९०३ सालीं त्याच्यामागून हेन्रिक विग्स्ट्रम यानें कार्यशाळा कशी चालविली, हें आज अभ्यासकांस सांगतां येतें. कारण तेथील रिवाजाप्रमाणें वस्तूवर पेढीच्या नांवाबरोबर कार्यशाळेच्या प्रमुखाचीं आद्याक्षरेंही ठोकलेलीं असत. पेढी गेली, राज्य गेलें, पण दोन अक्षरांच्या आधारें माणूस उरला. अर्थात् त्या प्रमुखाच्या हाताखालच्या शेंकडों कारागिरांचीं नांवें तेथेंही बव्हंशीं गेलीं. परंतु एक पायरी तरी वांचली.

आमच्याकडे ही पायरी कधीं बांधलीच गेली नाहीं. कौटिल्यानें अक्षशाळेचा व विशिखेंतील सौवर्णिकाचा विचार दोन अध्यायांत केला आहे. परंतु सोनार सोनें कोणकोणत्या युक्तीनें चोरतो हें तेथें जितक्या बारकाईनें सांगितलें आहे, तितकी बारकाई त्याच्या कलेच्या वाट्यास आलेली नाहीं. अमरसिंहानें सोनारास 'नाडिंधम' हा शब्द दिला, म्हणजे नळी फुंकणारा. शास्त्रकारानें कारागिराकडे संशयानें पाहिलें आणि कोशकारानें त्याच्या नळीवरून त्यास ओळखलें.

सध्यांच्या व्यवस्थेनें तर उरलेलें चिन्हही दागिन्यावरून पुसलें आहे. सोन्याच्या दागिन्यावर शुद्धतेची सरकारमान्य खूण उमटविण्याची योजना २००० सालीं सुरू झाली व १६ जून २०२१ पासून ती निवडक जिल्ह्यांत सक्तीची झाली. पूर्वींच्या चार खुणांत विक्रेत्याची खूण व परीक्षाकेंद्राची खूण या दोन असत. नव्या पद्धतींत मानक संस्थेचें चिन्ह, शुद्धतेचा अंक व सहा अक्षरांकांचा एक संकेत, एवढ्या तीनच खुणा उरल्या. गिऱ्हाइकाच्या दृष्टीनें ही सुधारणा उत्तम आहे व तिला आमचा विरोध नाहीं. परंतु शंभर वर्षांनीं एखाद्या संग्राहकाच्या हातीं हा दागिना पडेल तेव्हां तो नुसत्या डोळ्यांनीं काय वाचील? सोनें किती शुद्ध तें वाचील. दुकान कोणाचें हेंही त्यास वाचतां येणार नाहीं, मग ठसा कोणाचा ही गोष्ट दूरच.

येथें एक कबुली देणें आमचें कर्तव्य आहे. आम्ही शाळेंत शिकवीत असतांना एक विद्यार्थी पत्र्याचा एक डबा घेऊन आमच्याकडे आला होता. डब्यांत त्याच्या आजोबांनीं कोरलेल्या डायचे शिशावर घेतलेले छाप होते आणि प्रत्येकाच्या पाठीवर कांहीं ओरखडलेलें होतें. त्यानें विचारलें, "गुरुजी, हें आपल्या इतिहासाच्या कपाटांत ठेवतां येईल का?" त्या कपाटांत तेव्हां दोन मोडी कागद, कांहीं तांब्याचे पैसे व एक फुटकी मूर्ति होती. आम्हीं त्यास सांगितलें, "बाळ, हा धंद्याचा माल आहे, इतिहास नव्हे." पुष्कळ वर्षांनीं, हा विषय मनांत घोळूं लागल्यावर, आम्ही त्याच्या घरीं गेलों. तो आतां चांगला प्रौढ गृहस्थ झालेला. डब्याविषयीं विचारलें तेव्हां तो संकोचानें म्हणाला, "गुरुजी, तुम्हीच नको म्हणालां होतां. घर बांधतांना पोलाद आणि शिसें दोन्ही वजनावर दिलें." पाठीवरचे ते ओरखडे म्हणजे गिऱ्हाइकाचें नांव होतें, वजन होतें, कीं तारीख होती, हें आतां कोणासही सांगतां येणार नाहीं. ज्या दोषाबद्दल आम्हीं वर वृत्तकारांस धारेवर धरलें तो दोष प्रथम आमचा आहे.

यावर असा आक्षेप येईल कीं, लोखंडाच्या ठोकळ्यावर ना लेख ना काल. त्यापासून इतिहास कसा निघणार? याचें उत्तर नाणकशास्त्रानें पूर्वींच दिलें आहे. एकाच ठशानें पाडलेलीं नाणीं बारीक तुलनेनें ओळखतां येतात. ठसा झिजतो, त्यास तडा जातो, तो तडा पुढच्या नाण्यांवर उमटतो; त्यावरून कोणतें नाणें आधींचें व कोणतें मागाहूनचें हें ठरवितां येतें. हीच रीत दागिन्यांस लावावी. चिंचणीची एक जुनी डाय आणि दोन निरनिराळ्या गांवच्या घराण्यांतील दोन दागिने एकत्र जुळले, कीं कारागीर, पेढी व गिऱ्हाईक हे तिन्ही दुवे एका सांखळींत येतात. ताम्रपटांतही कित्येकदां दात्याबरोबर लेखकाचें व कोरणाराचें नांव शेवटीं दिलेलें असतें. तें वाचण्याचा कंटाळा आम्ही करीत नाहीं. मग पोलादाविषयींच अनास्था कां असावी?

काळ मात्र थोडा आहे. जुन्या हातांचे कोरणारे वृद्ध झाले आहेत. जवळच्या वाढवण येथील बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजीं झाली, आणि त्या बंदरास विरोध करणारांत मच्छीमारांबरोबर डायमेकरही होते. त्या वादाचा निर्णय करण्याचें हें स्थळ नव्हे. परंतु एवढी मोठी उलाढाल जेथें होते तेथें घरें पालटतात, आणि घर पालटतांना माळ्यावरची पेटी प्रथम विकली जाते, हा सर्व दप्तरांचा अनुभव आहे.

म्हणून संग्राहकांस आमची सूचना अशी. जुनी डाय मिळाली तर तिचा शिशाचा अथवा मेणाचा छाप घ्यावा. ठोकळ्याचें वजन, माप व पाठीवरच्या खुणा जशाच्या तशा उतरून घ्याव्या. कोरणाराचें नांव, गांव आणि ती कोणत्या पेढीसाठीं कोरली हें त्याच्याच तोंडून लिहून घ्यावें. दागिन्याचें स्थानिक नांवही त्याबरोबर नोंदवावें. ज्या पेढ्या आपलें वृत्त छापतात त्यांनीं वंशवृक्षाशेजारीं आपल्या कारागिरांची यादी एका पानावर द्यावी. जुन्या मजुरीच्या वह्यांतून ती काढतां येईल. असें एक पान ज्या वृत्तांत असेल त्याचें ऐतिहासिक मूल्य चित्रांच्या पन्नास पानांहून अधिक मानावें.

तारापूरच्या किल्ल्यावर कोण पडला हें आम्हांस ठाऊक आहे आणि संजाणवर कोण अधिकारी होता हेंही ठाऊक आहे. आमच्या आयांच्या गळ्यांतील वाट्यांचा ठसा कोणीं कोरला हें मात्र ठाऊक नाहीं, आणि तो कोरणारा कदाचित् चार कोसांवर अद्यापि हयात असेल. ज्या वाचकांपाशीं अशा डाय, छाप अथवा मजुरीच्या वह्या असतील त्यांनीं त्या भंगारांत देण्यापूर्वीं त्यांची नोंद तरी करून ठेवावी, अशी नम्र विनंती करून हें टिपण पुरें करितों.